सरांचा आकडा

बेडशात आमच्या वस्तीतल्या विहारासमोर रेणुकाचा फ्लेक्स लागला, तो मीच लावला. 'जगातल्या दोन प्रयोगशाळांचं भांडण मिटवणारी बेडशाची कन्या!' फोटो कॉलेजातला, कारण नवा मागितला तर तिने दिलाच नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. पण सत्काराच्या घाईत आम्ही माणसाचं तोंड कशाला बघतोय!

रेणुका सीतारामभाऊंची धाकटी. भाऊंनी लोणावळ्यात एका शेठचा बंगला राखण्यात जन्म काढला. शनिवारी गाडी आली की फाटक उघडायचं आणि मान खाली घालून 'जी शेठ' म्हणायचं. पोरगी मात्र पुण्यात जाऊन अणुशास्त्रात डॉक्टर झाली.

आपलं काम तिने मला एकदा भात झोडताना सांगितलं होतं. गामा किरण अणुकेंद्रावर मारले की आतून कधी एक न्यूट्रॉन बाहेर पडतो, कधी दोन. हे किती वेळा घडतं ते मोजायचं. परदेशातल्या दोन प्रयोगशाळांनी एकच धातू घेऊन मोजलं, तरी आकडे जुळेनात; भांडण तिच्या जन्माआधीचं. यंत्राच्या हातून काही न्यूट्रॉन निसटतात, खरी गोम तिथे. दोन आले आणि एक निसटला, तर यंत्र म्हणतं एकच आला. म्हणून यंत्र किती गाळतं, हे आधी नीट ठाऊक पाहिजे.

सत्काराला सरपंचांपासून सगळे हजर. शाल अंगावर पडायच्या आधीच रेणुकाने माइक घेतला. चेहरा पार उतरलेला.

"हा सत्कार मला घेता येणार नाही," ती म्हणाली. "यंत्र किती न्यूट्रॉन गाळतं, ते मी स्वतः तपासलं होतं. माझ्या सरांच्या जुन्या आकड्याशी ते जुळेना. माझंच चुकलं असेल असं समजून मी सरांचा आकडा धरला आणि निकाल छापला. परवा दुसऱ्या लोकांनी तेच यंत्र तपासलं. चूक सरांच्या आकड्यात होती. म्हणजे माझा निकालही चुकीचा. भांडण मिटलेलं नाही, मी त्यात भर घातली. मला फार लाज वाटते."

आणि आम्ही काय करावं? टाळ्या! "एवढी शिकली, पण किती नम्र!" असं म्हणत सरपंचांनी शाल घातलीच. नारळ हातात कोंबला, फोटो काढले. ती बिचारी जमिनीकडे बघत उभी. एकटे सीतारामभाऊ तेवढे टाळी न वाजवता बसले होते.

लोक पांगले. मी खुर्च्या गोळा करत होतो, तेव्हा भाऊ तिच्याजवळ आले.

"तुजा आकडा नीट तपासलावतास?"

"तपासला होता, आबा. पुन्हा पुन्हा."

"मंग सोडलास का?"

"सरांनी मला हाताला धरून शिकवलं. त्यांना चूक कसं म्हणणार?"

भाऊ म्हणाले, "जल्मभर मी शेठपुढं मान खाली घातली. तुला घालाया लागू न्हाई म्हून शिकवली. आन तू तितं जाऊन त्येच केलंस व्हय?"

मी शिडी आणून फ्लेक्स उतरवायला लागलो, तर खालची दोरी सोडायला तीच आली. माझ्याच्याने तिच्याकडे बघवलं नाही.