येळवशीचे पाच सरकारी दगड

सोलापूरच्या स्टँडवर बीडची गाडी लागली तेव्हा मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. आत जाऊन बघते तो त्या जागेवर एक आजोबा बसलेले. त्यांनी माझा रुमाल व्यवस्थित घडी घालून हातात दिला आणि म्हणाले, "पडला हुता बगा तुमचा." आता एवढ्या सज्जन माणसाशी भांडणार तरी कसं? तुळजापूरपर्यंत मी उभी राहिले. तिथे आजोबा उतरले आणि उतरताना मलाच म्हणाले, "बसा आता, लई दमलासा."

साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात माझी उमेद गेली. तारेवरून सगळा महाराष्ट्र ऐकला, पाहिला मात्र फारसा नाही. धाराशिव जिल्हा तर आमच्या भाचीला, म्हणजे विद्याला, तिकडे दिली तेव्हाच कळला. तेव्हा आम्ही सगळ्यांनी नाकं मुरडली होती. एवढी शिकलेली पोरगी, आणि पाणी नसलेल्या मुलखात कशाला द्यायची? ती विद्या आता तिथल्या ग्रामपंचायतीतली इंटरनेटची खोली चालवते. तिचाच फोन आला होता. "मावशी, येळवशीला ये. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा आहे, तीही बघ." येळवस म्हणजे वेळ अमावास्या. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला इकडची गावंच्या गावं शेतात जेवायला जातात, एवढंच तोपर्यंत ऐकून होते.

धाराशिव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी ज्वारी सुरू झाली. कणसं नुकती भरत होती. मधूनच करडईचे काटेरी पट्टे, हरभऱ्याचे ठेंगणे वाफे आणि डोंगराच्या कडेला सावकाश फिरणाऱ्या पवनचक्क्या. पाणी नसलेला मुलूख म्हणून ज्याला आम्ही नावं ठेवली, तो असा डोळे निववणारा निघाला. मला थोडी शरम वाटली. येरमाळ्याला उतरले तेव्हा बसमधल्या बायका टेकडीवरच्या येडेश्वरीला हात जोडत होत्या. मीही जोडले.

विद्या स्कूटी घेऊन उभी होती. तिच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांनी मला बजावलं आहे, "छापा, पण गावाचं नाव नको. पाव्हणे हसत्याल." का हसतील, ते पुढे कळेलच.

वाटेत विद्याने परीक्षेचं सांगितलं. तालुक्यापासून गावाच्या ग्रामपंचायतीपर्यंत जमिनीखालून फायबरची केबल आली ती सरकारी पैशातून. बऱ्याच गावांत ती आली आणि कुलपात गेली. मशिन कपाटात, कपाटाची किल्ली कुणाच्या तरी खिशात. विद्याने मागे लागून किल्ली मिळवली, उंदरांनी कुरतडलेली वायर बदलून घेतली, बॅटरीसाठी तालुक्याला हेलपाटे घातले आणि लाइन चालू ठेवली. आता पुढच्या टप्प्याचा निधी यायचा होता. त्यातून शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि घराघरांत जोडणी होणार होती. पण जिथे लाइन खरोखर चालू दिसेल त्याच गावाला. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याहून साहेब तपासायला यायचे होते.

"आणि बंद दिसली तर?" मी विचारलं.

"तर निधी दुसऱ्या गावाला. मग पुन्हा कधी येईल, कुणाला ठाऊक?" ती म्हणाली. स्कूटी चालवताना तिचे खांदे किती ताठ झाले, ते मागे बसून मला दिसत होतं.

रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर गुडघाभर उंचीचे घडीव दगड होते. ते मी लगेच ओळखले. जमिनीखाली केबल कुठून गेली आहे हे कळावं म्हणून ते खुणेचे दगड पुरतात. आमच्या खात्यातही असायचे. उगीच चाळा म्हणून मी ते मोजत होते. ओढा ओलांडला आणि दगड संपले, उरले नुसते खड्डे. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्या जागी पुन्हा दगड. 'चोरांनी दगडही सोडले नाहीत वाटतं,' असं मनात आलं. पण तेवढ्यात घर आलं, पाणी-चहा झाला आणि ते खड्डे मी विसरून गेले.

विद्याचे सासरे तात्या. कपाळाला बुक्का, आवाज शेताच्या बांधावरून बांधावर जाणारा. "या विहीणबाई! साताऱ्याच्या मान्सानं आमची येळवस बगितलीच पायजे," असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून शेतात नेलं. शेत रस्त्याला लागूनच होतं. मध्यभागी कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप (खोपी) बांधलेली. ट्रॉलीतून उतरलं काय काय! बाजरीचे उकडलेले उंडे, तिळाच्या भाकरी, गव्हाची खीर, आंबिलीचा घट आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे आपली कांदाभजी नव्हे. हरभरा, तूर, वाटाणा, शेंगदाणे आणि हाती लागेल तो पाला एकत्र शिजवून केलेली दाट भाजी. दोन वाट्या खाल्ल्यावर मी साताऱ्याबद्दल बढाया मारणं बंद केलं.

पण जेवणाआधी पूजा होती. कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडले होते. हे पाच पांडव. सगळ्यांच्या मागोमाग मी वाकले आणि वाकलेली तशीच राहिले. पांडव गुडघाभर उंचीचे आणि चांगलेच घडीव होते. धर्मराजाच्या पोटावर चुन्याखालून केबलच्या खुणेची कोरलेली अक्षरं दिसत होती. मी भीमाकडे पाहिलं. त्याच्याही पोटावर तीच अक्षरं!

"जुने पांडव जिमीन सपाट करताना मातीत गेले," तात्या मोठ्या कौतुकाने सांगत होते. "ह्यावर्षी नवे आणले. कसे सरळ हायती बगा!"

ओढ्यापलीकडचे कालचे पाच खड्डे मला आठवले. पण सणाचा दिवस, मी पाहुणी, त्यातून मुलीकडची. यजमानाच्या देवाला नाव कसं ठेवायचं? जेवणं झाली की विद्याला बाजूला घेऊन सांगू, असं मी ठरवलं. माझ्यासारखी तोंडाळ बाई आयुष्यात एकदाच गप्प बसली आणि नेमकी नको तिथे.

आंबिलीची दुसरी वाटी हातात होती, तोच रस्त्याकडून जेसीबीचा आवाज आला. येळवशीला इथे कुणी कामाला हात लावत नाही. पण रस्त्याकडेने चाललेलं पाण्याच्या पाइपलाइनचं काम बाहेरच्या माणसांकडे होतं, त्यांना येळवस काय ठाऊक? विद्या उठून उभी राहिली. "तिथं खणतायत?" ती म्हणाली आणि पळत सुटली. आम्ही पोहोचलो तेव्हा जेसीबीच्या दातांना काळी केबल लोंबत होती. ड्रायव्हर बिचारा खाली उतरून उभा होता. दगड दिसला असता तर इथे खणलंच नसतं, असं तो हिंदीत पुन्हा पुन्हा सांगत होता. खोटं नव्हतं त्याचं.

विद्या बांधावरच बसली. "उद्या सकाळी साहेब येणार," एवढंच म्हणाली. मग तिची नजर त्या रिकाम्या खड्ड्यांवर गेली. "इथले दगड गेले कुठं?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून तात्या म्हणाले, "म्या नेले."

"तात्या?"

"कोपीत हायती. सरकारचे हुते, मला वाटलं कुणाचेच न्हाईत."

विद्या खड्ड्याकडे वळून केबलचं तुटलेलं टोक पुसायला लागली. ओरडली असती तर त्या म्हाताऱ्याला सोसलं असतं. मीही कबूल करून टाकलं, "मला पूजेच्या वेळीच कळलं होतं. सांगायला हवं होतं." तिने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

केबल सांधणारा माणूस ढोकीचा. फोन लावला तर तोही आपल्या शेतात येळवस करत होता. "उद्या दुपारी येतो," म्हणाला. तात्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, मोटारसायकल काढली आणि ढोकीच्या रस्त्याला लागले.

ते परत येईपर्यंत आम्ही हातावर हात ठेवून बसलो नाही. केबलचं तुटलेलं दुसरं टोक मातीखाली होतं. विद्याने पदर खोचला, तिच्या जाऊबाईंनी खोरं घेतलं, शेजारच्या शेतांतून नव्या साड्या नेसलेल्या बायका टिकाव-घमेली घेऊन आल्या. जेसीबीवाला मदत करतो म्हणाला तर सगळ्या एकसुरात ओरडल्या, "तू हात लावू नगंस!" मीही घमेली उचलली. बोटांना फोड आले, पण ते टोक सापडलं तेव्हा मला गुप्तधन सापडल्यासारखं झालं.

उन्हं कलायच्या आत तात्या आले. मागे पेटी धरून ढोकीचा जॉइंटर. "कसं उठवलं त्याला?" मी विचारलं.

"आदी त्याच्या कोपीत बसून जेवलो," तात्या पोटावरून हात फिरवत म्हणाले. "येळवशीला आलेला मानूस उपाशी न्हाय लावून देत. म्या न्हाय म्हनलो असतो तर त्यो बी उठला नसता. दुसरं जेवान झालं माजं."

जॉइंटरनेही आमची आंबील घेतल्यावरच पेटी उघडली. फायबरच्या आत केसाएवढी काच असते. दोन काचा जोडायच्या तर धूळ नको, वारा नको. आणि त्या माळावर वारा तर असा, की डोक्यावर पदर राहीना. तंबू त्याने आणलाच नव्हता. त्याने मशिन बंद केलं. "असल्या वाऱ्यात सांधा बसायचा न्हाय," म्हणाला.

तात्यांनी मागे वळून कोपीकडे पाहिलं. "उचला," ते म्हणाले.

"आवं, पूजा झाल्याली कोप हलवायची आसती व्हय?" त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला.

"पांडव बी वनवासात हिंडलेच की," तात्या म्हणाले. "ह्यो तर नुसता रस्त्यापत्तुर वनवास हाय."

चार गड्यांनी कडब्याची कोप जशीच्या तशी उचलली आणि त्या खड्ड्यावर आणून उभी केली. फटींना बायकांनी आपल्या नव्या शाली लावल्या. आत जॉइंटर आणि त्याच्या मशिनचा छोटा पडदा, बाहेर श्वास रोखून उभं असलेलं अर्धं गाव. मी आयुष्यभर नंबर जोडले, पण एक तार जोडताना एवढी माणसं उभी राहिलेली कधी पाहिली नव्हती. विद्या स्कूटीवरून ग्रामपंचायतीत जाऊन बसली होती. ऊन पिवळं झालं तेव्हा तिचा फोन आला. "मावशी, हिरवा दिवा लागला! हिरवा!" मी सगळ्यांसमोर रडले. ही आमची पोरगी, जिला आम्ही पाणी नसलेल्या मुलखात दिली म्हणून हळहळलो होतो, तिचा मला इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही.

सूर्य बुडायच्या आत पाचही पांडव आपापल्या खड्ड्यांत परत गेले. चुना तसाच होता.

सकाळी साहेब आले. विद्याने मशिन दाखवलं, लाइन चालवून दाखवली, उपकेंद्रातल्या नर्सबाई आणि शाळेचे गुरुजी साक्षीला उभे होते. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "रस्त्यात पाचच दगडांना चुना कसा? आणि माती ओली दिसते."

विद्या सांभाळून घ्यायला पुढे झाली, पण तात्या तिच्याही पुढे. "म्या उपटले हुते साहेब. मला वाटलं, सरकारचं म्हंजी बेवारस. म्याच परत लावले. वायर तुटली ती माज्यामुळं, जोडली ती ह्या पोरीमुळं. लिवायचं तर माजं नाव लिवा, तिचं काम कापू नगा."

साहेबांनी वही मिटली. मग म्हणाले, "मला विचारलंय लाइन चालू आहे का. चालू आहे. तुमचं गाव यादीत राहील." विद्या तात्यांच्या पाया पडायला वाकली तेव्हा तात्यांनी तिला वरच्या वर धरलं.

परतीला तात्यांनीच मला मोटारसायकलवरून येरमाळ्याला सोडलं. पांढरे पाच दगड मागे पडले, गावची शीव मागे पडली. पुढच्या गावाच्या हद्दीत एका माणसाने तसल्याच एका दगडाला शेळी बांधली होती. तात्यांनी करकचून ब्रेक लावला. मी पडता पडता वाचले.

"ए पाव्हण्या, शेळी सोड तितली!"

"का? तुमचा हाय का दगड?" तो माणूस गुरगुरला. "सरकारचा हाय."

"म्हनूनच सांगतोय," तात्या म्हणाले. "आपला हाय त्यो."

शेळी सुटेपर्यंत ते गाडीवरून हलले नाहीत. माझी सोलापूरची बस चुकली, पण मी तक्रार केली नाही. पुढची गाडी मिळाल्यावर खिडकीशी बसून मी धाराशिवपर्यंत रस्त्याच्या कडेचे दगड बघत राहिले. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय शोधताय? मी म्हटलं, काही नाही, आमचे दगड जागेवर आहेत ना, ते बघतेय.