चाकातली मोटर

धुळ्यात दीपचंदशेठच्या दुकानी विहिरीवरच्या मोटरी आणि छताचे पंखे भरून मिळत. भरणारा होता उखर्डू. जळालेली तार उपसून नवी तार गुंडाळायची, हे काम तो झक्क करी. पण भरलेली मोटर चालू करून बघायची वेळ आली की त्याला हटकून लघवीला लागे. शेठ गादीवरून म्हणत, "अरे, बिजलीला एवढा डरतोस, तर हलवायाकडे का नाही लागलास?"

"तिथं भट्टी असते, शेठ," उखर्डू म्हणे.

आधीची बहुतेक पोरं जगली नाहीत म्हणून आईनं, भिकुबाईनं, त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं होतं, म्हणून नाव उखर्डू. असलं टाकलेलं पोर मरण कशाला नेईल, असा हिशेब. मरणाचं लक्ष त्याच्याकडे गेलं नाही हे खरं. त्याचं मात्र मरणावरून कधी हललं नाही. रस्ता ओलांडताना तो थांबलेल्या टांग्यालाही वाट देई.

त्याच्याआधीची एकच बहीण वाचली होती, वच्छलाअक्का. तीही लहानपणच्या तापात पायातलं बळ गमावून. अक्का पांझरा नदीपलीकडच्या देवपुरात, शाळेत मास्तरीण होती आणि घर नदीच्या अलीकडे. हातानं पायडल फिरवायच्या तीनचाकीवर ती जाई-येई. जाताना नदीपर्यंत उतार, म्हणून मजेत. येताना तोच चढ, मग कुणीतरी ढकलायचं. ढकलणारा उपकार करी आणि उपकारासोबत उपदेशही. "बाई, घरी बसावं की आता," हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

अडुसष्ट-एकोणसत्तरचा उन्हाळा असेल. उखर्डूनं घरचा पंखा भरून टांगला, आणि लांबून काठीनं बटण दाबलं. अक्का खाली पडून पाहत होती.

"काय रे, यान्हा मधला दांडा फिरत नही का?"

"नही अक्का. विहिरीवरच्या मोटरीत मधला दांडा फिरस, इथं दांडा गच्च शे अन् बाहेरचं पोट फिरस."

अक्का उठून बसली. "मंग त्या पोटले उभं कर, आरा लाव, आनि मन्हा चाकमा बसाड."

उखर्डूनं काठी छातीशी धरली. "अक्का, ते चाक शे, खेळनं नही!"

"माले ठाऊक शे. रोज मीच फिरावस ते."

तो आठवडाभर टाळत राहिला. मग एका संध्याकाळी एका ढकलणाऱ्यानं चढाच्या मध्यावर बिडी पेटवायला तीनचाकी सोडली, आणि अक्का उलटी घसरत खाली गेली. कोपर सोलून घरी आली तेव्हा ती रडली नाही. उखर्डू रडला. दुसऱ्या दिवशी तो भंगारातून ट्रकचा जुना डायनामो घेऊन आला.

पंखा तारेच्या विजेवर चालतो, तीनचाकीला बॅटरीच हवी, आणि बॅटरीची वीज दिली की डायनामो मोटरीसारखा फिरतो. त्यानं डायनामो खोलला आणि उलटा रचला: मधला भाग आसाला गच्च, बाहेरचं कवच पुढच्या चाकाच्या आऱ्यांना जोडलेलं. साखळी नको, पायडल नको. चाक हीच मोटर. हँडलजवळ चालू-बंद करायची पितळी पाती. बसायच्या जागेखाली ट्रकची बॅटरी.

इथवर सगळं ठीक. पण बॅटरी उघडी बघून त्याला झोप येईना. अक्काच्या पदराला चुकून लागली तर? शाळेतल्या पोरांनी बोट घातलं तर? म्हणून त्यानं सागवानी पेटी करून बॅटरी आत घातली आणि चारी बाजूंनी स्क्रू आवळले. तारेवर पट्टी, पट्टीवर सायकलच्या ट्यूबचं रबर, रबरावर सुतळी. दीपचंदशेठ बघून म्हणाले, "ये तो खजाना हो गया. आता चोर पण हात नाही लावणार."

"म्हणूनच," उखर्डू म्हणाला. घाबरट माणसाला एवढं समाधान क्वचितच मिळतं.

पहिल्या सकाळी अक्कानं पाती खाली केली. चाक गुणगुणलं आणि तीनचाकी आपोआप निघाली. गल्लीतल्या बायका दारात आल्या. अक्का मान ताठ करून बसली होती. उखर्डू मागं मागं, देवाचं नाव घेत.

उतार लागला तसा अक्कानं पाती वर ओढली. पाती हलेना. आतल्या ठिणगीनं पितळ पितळेला चिकटलं होतं. तिनं पुन्हा ओढलं. हातात नुसती मूठ आली.

"उखर्डू! हाई थांबत नही!"

ब्रेकचं रबर चाकावर घासून धुरकट वास सुटला, पण मोटर चाकातच. ब्रेक मागं ओढी आणि चाक पुढं. साधी सायकल असती तर साखळी पाडता आली असती. इथं पाडायला काही नव्हतंच. खाली नदीवरची फरशी, म्हणजे पाण्यालगतचा अरुंद पूल, तिला कठडा नाही, आणि फरशीभर पसरलेली कडब्याची बैलगाडी समोरून येत होती. गाडीवान धनसिंग ओरडला, "बाई, बाजूले व्हा!" बाजूला पाणी होतं.

उखर्डू धावला. जन्मात तो तसा धावला नव्हता. पेटीला हात घातला, तर पेटी त्यानंच बंद केलेली. स्क्रू त्यानंच आवळलेले, पेचकस दुकानात. राहिली पेटीतून चाकाकडे जाणारी तार. या तारेत ट्रकच्या दिव्याइतकीच वीज आहे, तिनं माणूस मरत नाही, हे त्याला अक्षरशः पाठ होतं. हाताला मात्र ते कुणी शिकवलेलं नव्हतं. बोटं तारेपाशी गेली आणि आखडली.

"वढ ना रे भाऊ!" अक्का म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. तो आवाज त्यानं आजवर ऐकला नव्हता.

त्यानं डोळे मिटले, तार मुठीत धरली आणि स्वतःला रस्त्यावर झोकून दिलं. सुतळी टिकली, रबर टिकलं, पण त्याच्या वजनानं तार चाकाच्या टोकाकडून निखळली. निळी ठिणगी उडाली. चाकाची गुणगुण थांबली, मग ब्रेकनं पकड घेतली आणि तीनचाकी करकरत थांबली. बैलाचा श्वास अक्काच्या तोंडावर येत होता.

धनसिंग खाली उतरला. "बाई, हाई कसानं यंत्र शे? बैलबी भ्यानात मन्हा!"

उखर्डू गुडघे फुटलेला, मुठीत तार घेऊन उभा. अक्काचे हात हँडलवर घट्ट बसले होते, ती सोडू म्हणाली तरी सुटेनात. त्यानं एकेक बोट हलकेच उकललं. आपल्या घरात घाबरण्याचं काम एकट्यानंच करायचं, अशी त्याची आजवर समजूत होती.

"अक्का, काढी टाकू का हाई चाक?"

तिनं पाण्याकडे पाहिलं. मागं चढ होता, आणि फरशीवर दोघं-तिघं ढकलायला पुढं सरसावलेच होते.

"चाक नको काढू," ती म्हणाली. "बॅटरीवरनी पेटी काढ."