विजूताईंची भरदुपार

विजूताई गेल्या तेव्हा मी नागपूरच्या लकडगंजात एका प्लायवूडच्या दुकानात उभी होते. स्वयंपाकघरातली कपाटं नवी करायची होती आणि दुकानदार एकामागून एक फळ्या भिंतीला टेकवून दाखवत होता. तेवढ्यात ताईंच्या शेजारच्या वहिनींचा फोन आला. ताई नेहमीसारख्या गॅलरीत उन्हात बसल्या होत्या, चहा अर्धा झाला होता, पेपर मांडीवर होता... हाक मारली तर ओ आली नाही. दुकानदाराला मी काय सांगून निघाले ते आठवत नाही. ऑटोत बसल्यावर मात्र मनात आलं, संक्रांतीनंतरचं ऊबदार ऊन, हाताशी चहा, कुणाला धावपळ नाही. बाईंनी मरणसुद्धा सोयीची वेळ बघून घेतलं. आणि रडू यायच्या आधी मला चक्क हसू आलं. ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं असेल तर त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. आता काही आठवडे झाले, पण अजून त्यांची आठवण आली की आधी हसूच येतं.

विजूताई माझ्या थोरल्या नणंद. आमच्या सासरचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलं आणि तेव्हापासून कचेरीतच बसलं. आजोबा कारकून, वडील कारकून, काका हेडक्लार्क. त्या घरातली ही मुलगी इंजिनिअर झाली, तीही विजेची. नाव विजया, घरात विजू. पुढे त्यावर व्हायचे ते सगळे विनोद झाले आणि ताईंनी ते कौतुकाने ऐकून घेतले. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा भीतभीत विचारलं होतं, तर म्हणाल्या, वेळेवर कुणी आवडला नाही आणि आवडला तेव्हा त्याचं झालेलं होतं. एवढं सांगून त्यांनी गोळाभाताची कढई पुढे केली. विषय संपला.

त्यांची पहिली नेमणूक एका उपकेंद्रावर झाली होती. दुरून मोठ्या तारांतून आलेली वीज तिथे ट्रान्सफॉर्मरमधून उतरवतात आणि गावोगाव वाटतात. बाई माणूस म्हणून साहेबांनी त्यांना आत पंख्याखाली खुर्ची दिली होती. ताई पहिल्याच आठवड्यात ती उचलून बाहेर कुंपणापाशी घेऊन गेल्या, कारण ट्रान्सफॉर्मरची गुणगुण आतून नीट ऐकू येत नव्हती. लोड, म्हणजे विजेचा वापर, वाढला की तो आवाज कसा भरदार होतो, हे त्या आम्हांला तोंडाने करून दाखवायच्या. जन्मभर तोच एक सूर त्यांच्या गळ्यात बसला. कॉलनीतल्या भजनीमंडळाने काही महिने सोसलं आणि मग त्यांना टाळ दिले. टाळ मात्र त्या ठेक्यात वाजवायच्या, आणि बाकीच्या बायकांचं गाणं सुरू असताना इतक्या प्रसन्न चेहऱ्याने बसायच्या, की नवख्या माणसाला वाटावं मुख्य गायिका याच.

पण आज लिहायला बसले ते त्यांच्या निवृत्तीनंतरच्या एका उद्योगाबद्दल. ताईंचं आजोळ भिवापूरकडचं. तिथे मामांच्या घरी आता शेवंता असते, ताईंच्या मामेभावाची सून. दांडगी बाई. घरची शेती सांभाळून तिने गावातल्या बायकांचा एक गट उभा केलेला. मिरची वाळवायची, देठं खुडायची, तिखट करून विकायचं. गावाबाहेर गटातल्या बायकांची मिळून थोडी मुरमाड जमीन होती. तिच्यावर गवतही धड उगवत नव्हतं. शेवंताच्या मनात आलं, तिथे सौर पॅनल लावावेत, तयार होईल ती वीज मंडळाच्या तारेत सोडून विकावी, म्हणजे गटाला कायमचा आधार होईल. कागदपत्रं झाली, बँक तयार झाली, आणि उपकेंद्रातून उत्तर आलं की जागा नाही. आसपासच्या मोठ्या सौर प्रकल्पांनी तिथली क्षमता आधीच भरून टाकली होती. नवा ट्रान्सफॉर्मर येईल तेव्हा बघू. कधी येईल, ते कुणालाच माहीत नव्हतं.

शेवंता नागपूरला आली ती सरळ ताईंकडे. मीही तिथेच होते. ती म्हणाली, "आत्या, ऊन आमचं, जमीन आमची, अन् तार म्हणते जागा नाही. हे काहून वं असं?" तिचा आवाज चिडलेला होता, पण डोळ्यांत पाणी होतं. गटातल्या दोन-तीन बायकांनी घरात भांडून, नवऱ्यांचा विरोध पत्करून या कामात नाव घातलं होतं. हे फसलं असतं तर त्यांना पुन्हा कुठल्या कामासाठी उंबरठ्याबाहेर पडणं अवघड होतं. ताईंनी तिला आधी जेवू घातलं. मग समजावून सांगितलं. घोळ असा होता, की दुपारी पॅनल भरभरून वीज देतात तेव्हा गावात ती वापरायला कुणी नसतं. शेतातले पंप रात्री चालायचे, कारण शेतीची वीज रात्री यायची. तिखटाची चक्की संध्याकाळी, माणसं शेतातून परतल्यावर. मग दुपारची सगळी वीज उलटी उपकेंद्राकडे चालायची आणि तिथला ट्रान्सफॉर्मर तेवढी वर चढवू शकायचा नाही. शेवंता म्हणाली, म्हणजे आमच्या नशिबात नाही. तेव्हा ताई जे बोलल्या ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"पंगतीत जागा नाही म्हणून पाहुण्याले कोणी परत पाठवते का? दुसरी पंगत मांडते. तुह्या गावाले दुपारी जेवाले बसवू."

दुसऱ्याच दिवशी त्या एसटीने भिवापूरला गेल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, गुडघे कुरकुरणारे. घरी हे म्हणाले, तिला परत ये म्हण, तुझं ऐकते. मी फोन केला तर पलीकडून देठं खुडणाऱ्या बायकांचा कलकलाट आणि ताईंच्या शिंका. "मीना, तू काय करून राहिली तिथं? ये इकडेच," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मीही गेले. गेले आणि तो सगळा हिवाळा जाऊन-येऊन तिथलीच झाले.

उपकेंद्राचे साहेब बोरकर, तरुण, कामसू. त्यांची बाजूही खोटी नव्हती. ट्रान्सफॉर्मर जळला तर सगळा भाग अंधारात जाणार आणि जाब त्यांनाच द्यावा लागणार. ताईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. दोघं शेजारी बसून दुपारच्या लोडचे आलेख बघायचे आणि अधूनमधून मला हाक मारून त्यातली उताराची रेघ दाखवायचे, जशी काही मी ओळखणारच. त्यातून दोन गोष्टी ठरल्या. शेतीची वीज दिवसा द्यायची, म्हणजे पंप दुपारी चालतील. आणि ज्या दिवशी गावात वापर कमी असेल, त्या दिवशी उपकेंद्रातून सांगितलं की गटाने गावात काहीतरी चालू करून वापर वाढवायचा, नाहीच जमलं तर आपले काही पॅनल थोडा वेळ बंद ठेवायचे. बोरकर म्हणाले, कागदावर जमतं, पण गाव खरंच दुपारी वीज वापरतं हे आधी मला दिसायला हवं.

पंपांचं सोपं गेलं. रात्री थंडीत, सापविंचवाच्या भीतीने, बॅटरी घेऊन पाणी द्यायला जाणाऱ्यांना दिवसा वीज म्हणजे सणच होता. अडला तो चक्कीवाला नामदेव. त्याचं म्हणणं सरळ होतं. दुपारी मिरची घेऊन येणार कोण? रिकामी चक्की फिरवू का? ताईंना ते पटलं. बाजाराच्या दिवशी त्या सकाळीच चक्कीपुढे खाट टाकून बसल्या. बाजाराला आलेल्या प्रत्येक ओळखीच्या-अनोळखी बाईला बोलावून, तिची माहेरची चौकशी करून, मिरची आणली का विचारत राहिल्या. गटातल्या बायकांनी तिथेच चूल मांडली, चहा ठेवला. दुपारी चक्की फिरायला लागली ती थांबेना. हवेत तिखट उडत होतं, नामदेव शिंकत होता, गिऱ्हाइकं शिंकत होती, ताई तर शिंकून-शिंकून लालबुंद झाल्या होत्या, आणि सगळे एकमेकांकडे बघून हसत होते. पुढच्या बाजारी बायका आपणहून दुपारी आल्या. गप्पा, चहा आणि तिखट एकाच खेपेत होत असेल, तर संध्याकाळी सैपाक सोडून कोण येणार?

मग बोरकर साहेबांनी एक दिवस ठरवला. ताई, शेवंता आणि मी उपकेंद्रात गेलो. ताईंनी आत बसायला नकार दिला आणि कुंपणापाशी उभ्या राहिल्या. गावात पंप सुरू झाले, चक्की लागली, आणि आत मीटरवर बोरकरांना हवा होता तो आकडा चढला. ते सांगायला बाहेर आले, तर ताई डोळे मिटून उभ्या. त्यांना कळलं होतं. इतकंच म्हणाल्या, "आवाज भरला गा." बोरकरांनी वाकून नमस्कार केला. शेवंता मात्र माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मग ओल्या डोळ्यांनी फोन काढून एकेका बाईला बातमी देत सुटली.

पॅनल लागले ते पुढच्या उन्हाळ्याआधी. चालू करायच्या दिवशी गटातल्या बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या. ज्या नवऱ्यांनी विरोध केला होता तेच मंडप घालत होते. पुढारी कुणी बोलावला नव्हता. बटण कुणी दाबायचं यावर थोडा घोळ झाला, तेव्हा ताईंनी गटातल्या सगळ्यांत वयस्क बाईला पुढे केलं. तिने बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. म्हणजे झालं, पण दिसण्यासारखं काही नव्हतं. ना दिवा लागला, ना आवाज. म्हातारीने विचारलं, "गेली का वं वीज?" ताई म्हणाल्या, "गेली आजी, नामदेवच्या चक्कीत गेली." मग सगळं गाव चक्कीकडे धावलं.

तेरवीला गावच्या बायका टेम्पो करून नागपूरला आल्या. येताना तिखट आणलं. जेवणं झाल्यावर एकेकीने ताईंची एकेक गोष्ट सांगितली. शेवटी आमची बैठक इतकी हसत होती, की शेजारच्या वहिनी चौकशी करून गेल्या. निघताना शेवंता म्हणाली, काकू, एकदा येऊन जा.

मी मागच्या आठवड्यात गेले. पॅनलांच्या कडेला गटाची एक खोली आहे. तिथे खिडकीत ताईंचा जुना फोन कायम चार्जिंगला लावलेला असतो. उपकेंद्राला हवा म्हणून जो नंबर त्यांनी पहिल्या दिवशी देऊन टाकला, तोच अजून चालतो. मी चहा घेत होते तेवढ्यात तो वाजला. शेवंताने उचलून स्पीकरवर टाकला. पलीकडून उपकेंद्रातला ऑपरेटर सवयीने बोलून गेला, "विजूताई, तिकडं पाऊस येऊन गेला का? पंप सारे बंद झाले, लोड पडला. काही लावता का?"

मी शेवंताकडे पाहिलं. ती खिडकीतून पलीकडे चक्कीच्या दारात उभ्या नामदेवला हात करत होती. मग फोनजवळ तोंड नेऊन तिने अगदी शांतपणे सांगितलं,

"लावते गा भाऊ. चक्की लावते."