हात्सुएची न तुटणारी तारीख

फळी देवळात टांगली त्या दिवसापासून तोकुजीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आमच्या इचिनोसेकीत लाकडी पिंपं बांधावीत तर त्यानंच. पण त्या आठवड्यात मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, पिंपाला त्यानं कडं ठोकलं ते तिरकं, आणि पिंप गळायला लागल्यावर गिऱ्हाइकावरच खेकसला.

आमच्याकडं गणित सुटलं की ते देवदाराच्या फळीवर लिहून देवळाच्या वळचणीला टांगतात. पणजोबांपासूनची चाल. तोकुजीच्या फळीवर एकच संख्या होती, १९५५०८०७. खाली लिहिलेलं : हिला एक आणि ही स्वतः, यांखेरीज कुणाचाही भाग जात नाही.

ती त्याच्या बायकोची, हात्सुएची जन्मतारीख : आधी साल, मग महिना, मग दिवस. दवाखान्यात तिच्या मनगटाला बांधलेल्या पट्ट्यावर ती छापलेली होती. ऑपरेशन व्हायचं होतं, डॉक्टर धड बोलेनात. हा खाटेशेजारी मणीपाटी घेऊन बसला आणि त्या तारखेला एकेक भाजक लावत सुटला. ही तुटली नाही तर हात्सुएही तुटणार नाही, एवढंच डोक्यात. चार हजार चारशेच्या आसपास वर्गमूळ येतं, तिथवर चढायचं होतं. पण चार आणि नऊ जोडीनं आले की तो भाजक गाळायचा. आमच्या बोलीत चारचा उच्चार मरणासारखा, नऊचा हालांसारखा. त्या दवाखान्यात या आकड्यांच्या खोल्यासुद्धा नव्हत्या. आजारी माणसाजवळ ते कसे मांडायचे? घरी गेल्यावर करू म्हणाला. मग हात्सुए घरी आली, आनंदात यानं फळी रंगवली, टांगली, आणि देवळाच्या पायऱ्या उतरताना त्याला गाळलेले भाजक आठवले.

आता करावं तर भीती. गुरुवारी तिची पुन्हा तपासणी. न करावं तर देवासमोर खोटं टांगलेलं. पाटी उचलायचा, मणी सारखे करायचा, ठेवून द्यायचा.

"अवो, काय त्या पाटीशी खुडबुड सारखी?" हात्सुए म्हणाली.

"काय नाय."

"काय नाय, म्हणून मुळ्याचं लोणचं चहात बुडवलंत?"

तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं, मान खाली घालून. ती ऐकत भांडी पुसत राहिली.

"चारशे एकोणपन्नास," ती म्हणाली.

"आँ?"

"त्यानं जातो भाग. वर येतात त्रेचाळीस हजार पाचशे त्रेचाळीस. बाकी शून्य."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही खाली चहाला गेलात की तुमची पाटी माझ्या पोटावर असायची. तुम्ही कुठले गाळताय ते पडल्या पडल्या दिसत होतं, ते सगळे मीच केले. बाकी कुणाचा जात नाही. ते दोन आकडे काही पुढं फुटत नाहीत."

"अगं, मग बोलायचं नाही?"

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी? तुमचं तोंड बघून? मला काय कळत नव्हतं, तुम्ही कशासाठी मणी बडवताय ते! रडले जरा. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले तर तुम्ही शेजारी, गालात भाताचा गोळा. म्हटलं, तारीख तुटली. मी हाय की."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारचं गुरुवारी. शिडी घ्या."

देवळाशी हात्सुएनं शिडी धरली. तोकुजी कुंचला घेऊन चढला, ओळीवर काट मारली, आणि खाली नवे आकडे लिहायला लागला. पहिल्याच आकड्याला कुंचला अडला. देवाच्या दारात, तिच्या तारखेखाली, चार.

"थांबलात का?"

"शाई ओघळतीय."

"ओघळू दे. चार जरा मोठा काढा," ती खालून म्हणाली, "मला इथनं दिसला पायजे."