अक्कांनी हात दाबला तेव्हा

अक्कांनी माझा हात दाबला आणि मी डोळे मिटून प्रार्थनेला सुरुवात केली. नगरच्या दवाखान्यात, दुपारच्या भेटायच्या वेळेत, खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसून. त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं. आमेन म्हणून मी डोळे उघडले तेव्हा त्या माझ्याकडेच बघत होत्या आणि हातातला जोर गेलेला होता... या गोष्टीला आता महिना होत आला. घरात आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीत सगळे म्हणतात, सगुणाअक्का प्रार्थना ऐकत ऐकत गेल्या. ते खोटं नाही. पण त्यातलं अर्धं मी कुणाला सांगितलेलं नाही, ते आज लिहिते आहे.

सगुणाअक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. राहुरीजवळच्या आमच्या गावात एका अंगणात आमची दोन घरं. मी नगरात वाढलेली, डी.एड. केलेली, शाळामास्तरीण, त्यांची शाळा चौथीतच सुटलेली, कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर पिशव्यांत माती भरायच्या. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात माझी भाकरी बघून त्या म्हणाल्या, "सरोज, तू आपली शाळेत जा. भाकरी मी थापते. तुझ्या हातची खाल्ली तर मामंजी अंथरून धरतील." तेव्हापासून दोन्ही घरांच्या भाकरी त्यांनीच थापल्या. मला अजून धड भाकरी येत नाही. मोठे भाऊजी लवकर गेले, मागे अक्का आणि त्यांचा एकुलता एक अमोल.

आमच्या मंडळीतल्या बायका दर बुधवारी दुपारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमतात. शेवटी साखळी प्रार्थना असते. सगळ्यांनी गोल बसून एकमेकींचे हात धरायचे, एकीनं प्रार्थना करायची, मग तिच्या शेजारणीनं, अशी पाळी फिरत जाते. जिला बोलायचं नसेल तिनं पुढचीचा हात दाबायचा, म्हणजे पाळी पुढे सरकते. का म्हणून कुणी विचारत नाही. अक्कांचे गुडघे दुखायचे, म्हणून त्या गोधडीचं एक जाड बसकर काखेत मारून यायच्या आणि माझ्या उजव्या हाताला बसायच्या. आधी त्यांची पाळी, मग माझी.

माझी प्रार्थना लांबलचक. कृपाळू पित्यापासून सुरू होऊन आजारी, अनाथ, परीक्षेला बसलेली मुलं, देशाचे राज्यकर्ते असं सगळं घेत घेत जायची. बायकांच्या पायाला मुंग्या यायच्या. मला तिचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? अक्कांची प्रार्थना मात्र तीन वाक्यांची. "देवबापा, कमलची म्हस चार दिस झालं दूध देईना. पोरांच्या चहाचे वांदे झालेत. तेवढं बघ." कमल म्हणजे आमच्या मागच्या घरातली. बायका खुदकन हसायच्या. एकदा घरी येताना मी म्हटलं, "अक्का, देवाशी असं बोलतात का?" त्या म्हणाल्या, "मग कसं बोलत्यात? त्याला काय तुझ्या शाळंत घालायचाय?"

त्यांचं माहेर घोडेगावचं. वडील तिथल्या बैलबाजारात दलाल होते आणि लहानपणी अक्का त्यांच्यामागे बाजारभर हिंडलेल्या. रुमालाखाली हात घालून बोटं दाबून सौदा कसा होतो, हे त्या माझ्याच हातावर पदर टाकून दाखवायच्या. "माझा बाप तोंडानं येक बोलायचा आन बोटांनी येक. बोटातलं त्येवढं खरं," असं म्हणायच्या. मला त्यातलं काही कधी कळलं नाही, आणि त्या माझ्या शिक्षणाला हसायच्या.

अमोल सुप्याला एका कंपनीत कामाला होता. एकोणतिसावं वर्ष चालू होतं. पुढच्या रविवारी मुलगी बघायला जायचं ठरलं होतं, अक्कांनी त्याचा शर्ट इस्त्री करून खुंटीला अडकवून ठेवला होता. पहिली पाळी संपवून मोटारसायकलवर घरी येताना ट्रकनं त्याला उडवलं... तो शर्ट आम्ही त्याला शेवटचा घातला. मातीनंतर आमचे पाळकसाहेब अक्कांजवळ बसले. तरुण, भला माणूस. ते म्हणाले, "अक्का, प्रभूची इच्छा आपल्याला कळत नाही." अक्कांनी मान वर केली. "तुमाला कळंना, मलाबी कळंना. मग तिचं नाव कशाला घेता, पाळकसाहेब?" त्यानंतर कुठल्याही मयताच्या घरी ते वाक्य आपण उच्चारलं नाही, असं पाळकसाहेबांनी मला पुढे स्वतः सांगितलं.

मला वाटलं, आता अक्का बुधवारी यायच्या नाहीत. पण पुढच्याच बुधवारी त्या बसकर घेऊन हजर. पाळी त्यांच्यापर्यंत आली आणि त्यांनी माझा हात दाबला. त्याच्या पुढच्या बुधवारी तेच. असं तीन वर्षं चाललं. रविवारच्या उपासनेत त्या गाणं म्हणायच्या नाहीत, घरात जेवणाआधी डोळे मिटायच्या नाहीत, पण बुधवार एकही चुकवला नाही. शेवटी न राहवून मी विचारलं, "अक्का, प्रार्थना करायची नाही, तर येता कशाला?" त्या भाकरी उलटत होत्या. म्हणाल्या, "बोलत न्हाई मी त्याच्याशी. पन रुसले म्हनून त्याच्या दारात जायाचं सोडू व्हय? त्याला दिसू दे ना, मी बसलेय इथं." आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

मग आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. एक बाजू पूर्ण गेली, वाचा गेली. त्या बुधवारी प्रार्थना आमच्याच घरी होती. आत खाटेवर हे, बाहेरच्या खोलीत आम्ही. नेहमीसारखा अक्कांनी हात दाबला, पाळी माझ्यावर आली, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. इतक्या वर्षांची सगळी पाठ वाक्यं कुठे गेली कोण जाणे. सगळ्या वाट बघत होत्या. पाळी खरं तर डाव्या हाताला जायची. पण मी उजवा हात दाबला, अक्कांचा, उलटा. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा प्रार्थनेत त्यांचा आवाज आला. "देवबापा, तुझं माझं जे हाय ते हाय. ते मी सोडलेलं न्हाई. पन हिचं तोंड बंद पडलंय. लई बोलनारी बाई हाय ती, तुला ठाव हाय. हिच्या मालकाला उठीव. मला टाकलंस तसं हिला टाकू नको." मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, बायकांच्या समोर, शाळामास्तरीण असून.

हे आता काठी घेऊन अंगणात फिरतात. अक्का त्याचं श्रेय घ्यायच्या नाहीत. "डाक्टरनं बरं केलं. मी निस्तं सांगितलं व्हतं," एवढंच म्हणायच्या. त्यानंतर त्यांच्या तीन वाक्यांच्या प्रार्थना पुन्हा सुरू झाल्या, पण समेट पुरता झाला नाही. मंडळीच्या रविवारच्या शाळेत मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं की विश्वास ठेवला की मनाला शांती मिळते. अक्कांना ती मिळाली नाही. त्या रोपवाटिकेत गेल्या, दोन घरांच्या भाकरी थापल्या, दुसऱ्यांच्या दुखण्याखुपण्यासाठी प्रार्थना केल्या, आणि रागावलेल्याच राहिल्या. पण ज्याच्यावर रागवायचं तो ऐकतो आहे, याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्या बळावरच त्या तगल्या, असं मला वाटतं.

गेल्या महिन्यात साध्या खोकल्याचं निमित्त झालं आणि छातीत पाणी भरलं. चार दिवस दवाखाना. पाचव्या दिवशी दुपारी मी एकटीच आत होते. अक्कांनी माझा हात दाबला. एकदा, आणि लगेच पुन्हा. मला वाटलं, पाळी माझ्याकडे दिली. मी प्रार्थना सुरू केली आणि चांगली लांब केली, डॉक्टर, नर्स, शेजारच्या खाटेवरचे रोगी, सगळं घेतलं. मधे एकदा त्यांची बोटं माझ्या तळव्यावर हलली. मला वाटलं, मनातल्या मनात आमेन म्हणताहेत... मी डोळे मिटूनच होते.

त्यांना पाणी हवं होतं का? मास्क काढून हवा होता का? अमोलबद्दल काही सांगायचं होतं? की स्वतःच देवाशी दोन शब्द बोलायचे होते आणि मी मधेच तोंड घातलं? का नुसतं माझ्या तोंडाकडे बघायचं होतं आणि मी बघितलं नाही? बोटातलं खरं असतं हे ज्यांनी मला पन्नासदा सांगितलं, त्यांची बोटं मला वाचता आली नाहीत. शेवटची पाच-सात मिनिटं त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी प्रार्थना करत होते. लोक म्हणतात, किती भाग्याचं मरण. मी मान हलवते. रात्रंदिवस तेच आठवतं.

तीन बुधवार मी घरातून बाहेर पडले नाही. जेवणाआधी हे हात जोडून माझी वाट बघतात, मला बोलता येत नाही, मग हेच अडखळत दोन शब्द म्हणतात. गेल्या बुधवारी कमल बोलवायला आली. दाराशीच उभी राहून म्हणाली, "बाई, अक्कांचं बसकर आमच्याकडंच राहिलं व्हतं. आमी ते त्यांच्या जागंवर आंथरलंय. तुमी याच." मी पायात चपला घातल्या.

कमलच्या घरी बसकर त्यांच्या जागेवर होतं. त्याच्यावर कुणी बसलं नव्हतं. पलीकडे कमल, अलीकडे मी, मधे ते. साखळी करताना कमलनं बसकरावरून हात लांब केला आणि माझा उजवा हात धरला. आमचे दोघींचे हात त्या गोधडीवर टेकले. कमलनं तिची प्रार्थना केली. पाळी माझ्यावर आली. मी डोळे उघडेच ठेवले होते, आता मला प्रार्थनेत डोळे मिटवत नाहीत. बसकरावर अक्कांच्या बसण्यानं झालेला खळगा अजून तसाच होता. मी तोंड उघडलं, पण काही आलं नाही. माझ्या नकळत मी उजवा हात दाबला.

कमलनं माझ्याकडे पाहिलं. तिची पाळी होऊन गेली होती. तिनं पुन्हा डोळे मिटले.

"देवबापा," ती म्हणाली, "बाई आल्यात. इथंच बसल्यात. तेवढं बघ."

"आमेन," मी म्हटलं.