चेकरसाहेबांचा काजू

अक्काची चूक झाली, हे मी आधीच कबूल करते, म्हणजे पुढे कोणी मला तिची वकील म्हणायला नको. अकरा वर्षं मी तिच्या शेजारी बसून भाज्या चिरल्या. वृद्धाश्रमाच्या तळमजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात ती मुख्य आचारी आणि मी चिरणारी, सोलणारी, बडबडणारी. बडबडीचा पगार मिळत नव्हता, ती मी हौसेने करायचे.

दर बुधवारी ती तिच्या माहेरचा, दक्षिणेकडचा बिसी बेळे भात करायची. आश्रमात कोणाचीच जीभ त्या नावाला वळत नव्हती, म्हणून सगळे त्याला नुसतं ‘अक्काचा भात’ म्हणत. तूरडाळ लोण्यासारखी शिजल्याशिवाय ती चिंचेला पातेल्याजवळ फिरकू द्यायची नाही. आंबट आधी पडलं की डाळ रुसते, मग दिवसभर शिजवत बसा, असं तिचं म्हणणं. धणे, हरभराडाळ, उडीदडाळ, मेथी, लवंग, दालचिनी, सुक्या मिरच्या, सुकं खोबरं, एकेक जिन्नस वेगळा भाजायची. सगळं एकदम कढईत टाकलं तर काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं होतं. तिने असं काही बघितलं की मी मुकाट्याने पुन्हा गाजरात डोकं घातलं.

पातेली दोन असायची. मोठ्या पातेल्यात भाज्या घातलेला भात, वर कढीपत्त्याची फोडणी आणि तुपात तळलेले काजू. लहान पातेलं ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांचं. त्यात मसाला गाळून घ्यायचा, भाज्या घोटायच्या, डाळ-तांदूळ एकजीव करायचे. दाताखाली येईल असं काहीच नाही. अशा नऊ जणांची यादी भिंतीवर चिकटवलेली होती आणि तिच्यात चौथे होते चेकरसाहेब.

चेकरसाहेबांनी उभा जन्म बसमध्ये लोकांची तिकिटं तपासण्यात घालवला होता. अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली आणि गिळणं बिघडलं. घास भलत्या नळीत जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी कायमचं मऊ जेवण लिहून दिलं. नोकरी गेली, तपासणी मात्र गेली नव्हती. ताट आलं की चांगल्या हाताच्या बोटाने भात उकरायचे आणि म्हणायचे, "यात काजू नाही. दंड भरा."

सुरुवातीला आम्ही सगळे हसलो. पुढे हसू येईना, कारण ते गंमत करत नाहीत हे कळायला लागलं. त्यांची मुलगी दर रविवारी दोन बस बदलून यायची. तिच्याकडेही तोच हट्ट. एक काजू, फक्त एक. ती नाही म्हणायची. "बाबा, डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना?" शेवटी शेवटी तर त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. ती आली की भिंतीकडे तोंड करून पडायचे. ती तासभर त्यांच्या पाठीशी बोलायची, नखं कापायची, चादर नीट करायची आणि निघून जायची. अक्का हे भांडी गोळा करायला गेली की बघायची, आणि तिचा जीव तुटायचा. मला मुलीचं वाईट वाटायचं, हे मी तेव्हा कोणाला बोलून दाखवलं नाही.

एका बुधवारी अक्का पदराआड वाटी घेऊन वर गेली. परत येऊन हात धुताना म्हणाली, "अर्धा दिला."

"कुणाला?" मला कळलं होतं, तरी विचारलं.

"समोर बसून दिला गं. हनुवटी छातीला टेकवायला लावली, सावकाश गिळायला लावलं, मग तोंड उघडून बघितलं. कण राहिला नव्हता."

"तुझं डोकं फिरलंय का अक्का?"

"चावताना रडले ते," ती म्हणाली.

मी तिथेच तिला दम भरायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. माणूस अर्ध्या काजूने सुखावत असेल तर कोणाचं काय बिघडणार, असा हिशोब मी मनात केला आणि कांदा चिरायला घेतला. मग दर बुधवारी ते सुरू झालं. चेकरसाहेब बुधवारी सकाळीच दाढी करून घ्यायला लागले. नर्सबाईंशी चार शब्द बोलायला लागले. त्यांना कशाने पालवी फुटली, ते आम्हां दोघींनाच ठाऊक.

आठव्या बुधवारी मोठ्या पातेल्यातला भात तळाला लागला. हा भात जरा ताटकळला की घट्ट होतो, मधूनमधून गरम पाणी घालून सैल करावा लागतो. ते माझ्यावर सोपवून अक्का वर गेली होती, आणि मी काकड्या सोलता सोलता साफ विसरले. करपल्याचा वास आला तशी जिन्यात जाऊन ओरडले, "अक्का, खाली ये, भात लागला." ती धावत आली. अर्धा काजू त्यांच्या हातात ठेवून आली होती. मी आल्याशिवाय तोंडात घालायचा नाही, असं बजावून आली होती. आम्ही वरचा चांगला भात दुसऱ्या पातेल्यात काढत होतो, तेवढ्यात वर पावलांची पळापळ ऐकू आली.

चेकरसाहेब तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होते, चौथ्या दिवशी गेले. श्वासनलिकेत काजूचा तुकडा सापडला होता. त्या मजल्यावर नऊ जणांना भरवायला एकच मदतनीस होती. मोठ्या पातेल्यातलं काहीतरी तिच्या हातून त्यांच्या ताटात गेलं, असं ठरवून व्यवस्थापकांनी तिला घरी बसवलं.

"तू गप्प बस," मी अक्काला म्हणाले. "बोललीस म्हणून ते काही परत येणार नाहीत. उलट तुझीही नोकरी जाईल." त्यातली अर्धी काळजी तिची होती आणि अर्धी माझी स्वतःची, कारण जिन्यातून हाक मी मारली होती. अक्का दोन दिवस गप्प राहिली. तिने धणे जाळले, आमटीत मीठ दोनदा घातलं.

तिसऱ्या दिवशी मदतनीस आपली चप्पल आणि एप्रन न्यायला आली. जाता जाता स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"अक्का, एक विचारू? माझ्या हातून काजू कसा गेला असेल हो? मी प्रत्येक ताट चमच्याने ढवळून बघते. त्या दिवशीही बघितलं होतं असं वाटतं, पण आता खात्रीच देता येत नाही. माझ्याच पोरांना भरवायला हात धजत नाही."

अक्काने झारा खाली ठेवला आणि ओल्या हातांनी ऑफिसकडे चालू लागली. मी मागोमाग गेले, तिला अडवायला की सोबत करायला, ते अजून मला सांगता येत नाही.

पुढचं पटकन सांगून टाकते. मदतनीस आठवड्याभरात कामावर परत आली. अक्काला कोणी जा म्हणायच्या आधीच तिने येणं बंद केलं. माझी हाक तिने शेवटपर्यंत कोणाला सांगितली नाही, आणि मीही सांगितली नाही. पण ऑफिसात जे झालं ते माझ्या मनातून जात नाही.

व्यवस्थापकांसमोर चेकरसाहेबांची मुलगी बसली होती. वडिलांचे कपडे आणि चष्मा न्यायला आली होती. अक्काने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पहिल्या बुधवारपासून. व्यवस्थापक बोलायला लागले, तर मुलीने हाताने त्यांना थांबवलं.

"आठ बुधवार?" तिने विचारलं.

"हो," अक्का म्हणाली. "इतकं हवं होतं त्यांना. माझ्याच्याने नाही म्हणवेना."

"मी म्हणाले," मुलगी म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "वर्षभर म्हणाले. मी त्यांची वैरीण झाले. नर्सबाई फोनवर सांगायच्या, बुधवारी बाबा खुशीत असतात. मला वाटायचं, माझा रविवार लांब असतो म्हणून."

अक्काने हात जोडले.

"दोनदा पर्समध्ये काजू घालून आणला होता मी," मुलगी म्हणाली. "दिला असता तर त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं असतं, हे काय मला कळत नव्हतं? दोन्ही वेळा तसाच परत नेला. मला बाबा हवे होते हो."