तानाजीने अडवून ठेवलेला पासवर्ड

वडूजच्या तानाजीचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. पण तालुक्यात त्याचं नाव होतं ते कॉम्प्युटरमुळे. दिव्यांग संघटनेची वेबसाइट त्याने एकट्याने बनवली होती. दोन वर्षं प्रत्येक बैठकीत पहिला हार त्याच्याच गळ्यात पडायचा.

मग पलूसहून माया आली. जन्मापासून आंधळी, जिभेची तिखट. औंधच्या बैठकीत तिने आपल्या फोनवर त्याची वेबसाइट उघडली आणि आवाज मोठा केला. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा तो फोन एकसुरात बोलू लागला, "बटन. चित्र. बटन. बटन."

"तानाजीभाऊ, ह्यातलं फॉर्म धाडायचं बटन कंचं, तुमीच सांगा," माया म्हणाली. "कशालाच नाव दिल्यालं न्हाई."

सगळे हसले. अध्यक्षांनी तिथल्या तिथं दुरुस्ती मायाकडे सोपवली आणि तानाजीला पासवर्ड द्यायला सांगितलं.

त्याने दिला नाही. आज देतो, उद्या देतो करत पंधरा दिवस काढले. मायाचा फोन आला की कापायचा. संघटनेच्या ग्रुपवर तिचं कौतुक वाचलं की तोंडातला घास कडू व्हायचा. "काल आली आन् मला शिकवती!" तो आईपाशी धुसफुसायचा.

सोळाव्या दिवशी संघटनेतले दादासोआप्पा काठी टेकत दारात आले. उतारवयात नजर गेलेले. अडथळा आला की आवाज करणारी काठी संघटना देणार होती. त्यासाठी वेबसाइटवरून करायच्या अर्जाची मुदत कालच संपली होती.

"लय येळा दाबलं रं. फोन नुसता बटन-बटन करतुय. गेला आसंल म्हनून गप बसलो," आप्पा म्हणाले. "न्हाई गेला."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तानाजीने पलूसची एसटी धरली. "पासवर्ड मीच अडवला हुता," तो मायाला म्हणाला. "जळलो तुमच्यावर."

"कळत हुतं मला. बसा. मला तुमच्यावानी कोड लिवता येत न्हाई, तुमाला आयकता येत न्हाई. दोगं मिळून करू."

तीन दिवस तो स्क्रीन बंद करून नुसत्या आवाजावर चाचपडला, चुकला, एकेका बटनाला नाव देत गेला. ग्रुपवर स्वतःची चूक लिहून त्याने मुदत वाढवून घेतली. आप्पांनी अर्ज आपल्या हाताने धाडला.

पुढच्या बैठकीत शाल मिळाली मायाला. टाळ्या वाजवताना तानाजीची नजर त्या शालीवरच होती. तरी निघताना तो तिच्यापाशी थांबला.

"आजून कुठं अडतंय?"

"लय ठिकानी," माया म्हणाली.